दुसरा फटका

बाबा पालिकेचे. रात्रपाळी.
हातात साधी काठी, टोकाला खिळा नाही.
खिळेवाल्यांसोबत ते चहा घेत नसत.

रात्रीचे तीस उंदीर, असा हिशोब.
एकोणतीस भरले
तर त्या दिवशी कागदोपत्री माझा बाप कामावर आलाच नाही.

नळबाजारामागं, मासळीचं पाणी उतार शोधत जातं
त्या गल्लीत बॅटरी विझवून उभे राहायचे.
मग एकदम लावायचे.
उजेडात उंदीर क्षणभर दगड होतो.
तेवढ्यात
एक फटका.

"दुसरा मारावा लागला तर चूक माझी
आणि शिक्षा त्याला."
हे एकदाच बोलले, सकाळच्या आंघोळीनंतर,
कानातलं पाणी झटकत.
मी तिसरीत. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात
आईनं 'आरोग्य खातं' लिहून दिलेलं.
खोटं नव्हतंच ते.

चौकीवर गोण ओतली की पेडणेकर कारकून
नाकाला रुमाल लावून शेपट्या मोजायचा
आणि बाबा तिथं, का कोण जाणे,
टोपी काढून उभे राहायचे.
लोक हसत. मीही हसले होते,
मैत्रिणींसमोर, एकदा.

पुढचं मला कुतुबभाईंनी सांगितलं,
बाराव्याला आले होते तेव्हा.
त्यांचं सुतळीचं दुकान, फळीखाली चिकट पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर एक. चारी पाय, पोट, एक गाल.
मागचा पाय त्यानं स्वतःच कुरतडत आणलेला.
"मी बोललो, घेऊन जा, तुझा तीस पुरा होईल."

बाबांकडं त्या रात्री एकोणतीस होते.

समोरच्या भुर्जीवाल्याकडून त्यांनी
वाटीभर शेंगदाण्याचं तेल आणलं
आणि पायरीवर बसून, करंगळीनं,
थेंब थेंब, एकेक नख सोडवत राहिले.
"एक घंटा बसला तुझा बाप.
उंदीर ओरडत होता, तो पण काहीतरी बोलत होता.
मराठीत."
मग? मी विचारलं. सोडला की मारला?
कुतुबभाई कपातल्या सायीकडं बघत राहिले.
"माझ्याकडे पाठ होती त्याची."

आईच्या डब्यात एक पगारपावती आहे,
एक दिवस कापलेली.
तापानंही कापला असेल.

आता आम्ही कांजूरमार्गला, एकोणिसाव्या मजल्यावर.
सोसायटीचा माणूस येतो, हातमोजे घालून,
सिंकखाली पुठ्ठा सरकवतो, सही घेतो.
सभेत मी हात वर केला होता.
बाजूनं. सगळ्यांसारखा.

पहाटे तीनला आवाज आला.
आवाज म्हणजे काय,
ओलं कापड कुणी हळूहळू फाडावं तसं.

दारात माझा मुलगा, उघडा, अर्धा झोपेत.
"आई, कचऱ्यात टाक ना."
पुठ्ठ्याची घडी घालून, वर पिशवी बांधून टाकतात,
हे त्याला कुणी शिकवलं?
मीच. मागच्या पावसाळ्यात.

काठी मला येत नाही. एक फटका येत नाही.
बापाच्या धंद्यातला अर्धाच भाग वाट्याला आला,
तोही ऐकीव.
मी तेलाची बाटली घेतली, फरशीवर बसले.

करंगळी लावली तेव्हा कळलं
तो मला पाण्यात बघत होता.
भरगच्च, जिवंत राग, दोन काळ्या मण्यांएवढा.
उपकार त्याला दिसत नव्हते
आणि दिसायचं काही कारणही नव्हतं:
पुठ्ठा माझ्या सहीचा.

तिसरा पाय सुटला आणि तो चावला.
नखापर्यंत.
त्याला कुठं माहीत मी कुणाची मुलगी ते.
मुलगा ओरडला, सोड त्याला, आई, मार त्याला,
दोन्ही एकाच श्वासात,
आणि चौथा पाय अजून
चिकटलेलाच होता.

राजावाडीत सुई टोचताना डॉक्टरीण विचारते,
"मग उंदराचं काय केलंत?"

मी तिच्याकडं पाठ फिरवते,
दुसरा दंड पुढं करते.
मुलगा काही बोलणार असतो.
बोलत नाही.